किचन नवं केलं, भाव जुनाच

संपादक साहेब, स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत घर विकायच्या आधी किचन नवं करून घ्या म्हणजे भाव चांगला येतो असं छापून आलंय, ते वाचून राहवेना म्हणून लिहितोय, कारण मी हा उद्योग करून बसलोय.

कोल्हापुरात शाहूपुरीतला आमचा तळमजल्याचा फ्लॅट. विकायचं ठरल्यावर सव्वादोन लाख घालून मॉड्युलर किचन केलं, जुना कडप्प्याचा कट्टा फोडला, ग्रॅनाइट टाकलं, चकचकीत लाल शटर, चिमणी, सगळं. सुतार बिचारा बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लाय घ्या म्हणत होता, मीच पैसे वाचवले. एजंट म्हणाला, आता बिनधास्त पाच लाख वाढवून सांगा.

बघायला जे आले त्यातल्या आजींनी एक ट्रॉली ओढली, खाली वाकून मागच्या भिंतीवरनं बोट फिरवलं आणि विचारलं, "2019 ला पुराचं पाणी कुठंवर आलतं हितं?" झालं. खोटं कसं बोलणार, कट्ट्याच्या वर आलतं, 2021 ला पण आलतं. मग त्यांचा मुलगा म्हणतोय, हे पार्टिकल बोर्ड आहे, भुसा दाबून केलेलं, एकदा भिजलं की पावागत फुगणार, म्हणजे आम्हाला काढायचाच खर्च. खरं होतं त्याचं. दोन्ही पुरात कडप्प्याचे कप्पे नुसते धुऊन घेतलते, काही झालं नव्हतं त्यांना, आणि तेच मी फोडले!

वरनं शेगडी आग्नेयेला नाही हे निघालं, आणि सिंक एवढं लहान की रश्श्याचं पातेलं त्यात आडवं होईना. बँकेचा व्हॅल्युअर दारातनंच एक फोटो काढून गेला, त्याच्या रिपोर्टात कार्पेट एरिया, बिल्डिंगचं वय, आसपासचा रेट, ट्रॉल्यांचा शब्द नाही.

व्यवहार झाला तो जवळजवळ जुन्याच आकड्याला. वरच्या मजल्यावाल्यांचं वेगळं असंल, पण आमच्यासारख्यांनी सिंकखालचं लीकेज काढावं, एक्झॉस्ट बसवावा, स्विचबोर्ड वर घ्यावेत, रंग मारावा, बास. तीसेक हजारात होतंय. पुरवणीत असलं पण छापा की, नुसते चकाचक फोटो काय.

नव्या मालकानं पहिल्याच महिन्यात लाल शटर उतरवून परत कडप्पा बसवला. ट्रॉल्या पाहिजेत का विचारायला मलाच फोन केलता.

– एक वाचक, कोल्हापूर