वॉर्ड लावणाऱ्या सईस

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तू पुण्याला परत गेल्यावर मी तुझा तो पाच विरुद्ध पाच जणांचा संगणकावरचा खेळ, डोटा 2, स्वतः खेळायला घेतला. आधी शिकवणीचा भाग, मग बॉट्सविरुद्धच्या, म्हणजे संगणक चालवतो त्या खेळाडूंविरुद्धच्या, मॅचेस, आणि मधूनमधून तुझ्या अलीकडच्या मॅचेसचे रीप्ले. तू सुट्टीत खेळताना भराभर जे सांगायचीस, ते आता कुठे जागच्या जागी बसायला लागलंय. फोनवर तू कायम घाईत असतेस, म्हणून निवांत लिहितोय.

सगळ्यात आधी नजरेत भरला तो अंधार. चौकोनी नकाशा, खाली डावीकडे रेडियंट, वर उजवीकडे डायर असे दोन संघ, त्यांना जोडणाऱ्या तीन वाटा म्हणजे लेन, मधून तिरकी वाहणारी नदी आणि उरलेल्या जागेत जंगल. पण जिथे आपलं माणूस, आपला क्रीप (आपोआप चालून जाणारा शिपाई) किंवा आपला टॉवर उभा आहे, तेवढाच भाग दिसतो. बाकी सगळा झाकलेला. शिवाय दर पाच मिनिटांनी दिवसाची रात्र होते आणि रात्री नजर आणखी आखडते. मी मारामारीचा खेळ समजून बसलो होतो. पण समोरचे पाच जण आत्ता कुठे असतील, हाच प्रश्न खेळभर मानगुटीवर बसतो. तीन दिसतायत, दोन दिसत नाहीत, म्हणजे ते दोघे कुठल्या तरी झाडामागे माझ्याच वाटेवर आहेत, हे गृहीत धरून चालायचं. हे कळल्यावर तू मधेच 'मिड मिसिंग', म्हणजे मधल्या लेनवरचा समोरचा दिसत नाही, म्हणून का ओरडतेस ते कळलं.

मला मनापासून आवडलेली गोष्ट म्हणजे लास्ट हिट. दर 30 सेकंदांनी दोन्हीकडचे क्रीप्स येऊन एकमेकांना भिडतात. त्यांना नुसतं मारत राहून काही मिळत नाही, ज्याचा शेवटचा घाव बसतो त्यालाच सोनं. हिरो म्हणजे आपण चालवायचं पात्र, मी त्यातला सोपा म्हणून रेथ किंग घेतला होता. पहिल्यांदा सगळं लक्ष तलवार चालवण्यात, आणि सोनं काही वाढेना. मग नीट पाहिलं. क्रीपचा उरलेला जीव दाखवणारी पट्टी कमी कमी होत जाते, आपला हात शिवशिवतो, पण थांबायचं. पट्टी अगदी नखाएवढी उरली की एकच वार. त्यातही आपल्याच क्रीप्सचे वार मधे पडत असतात, त्यांचाही हिशोब धरायचा. आणि समोरचा तरबेज असेल तर तो स्वतःचाच मरणोन्मुख क्रीप मारून आपला घास काढून घेतो. त्या डिनायचं मला फार अप्रूप वाटलं. दहा मिनिटं दोघं समोरासमोर उभे असतात, एकही जण मरत नाही, तरी एकाकडे सोन्यातून घेतलेले बूट आणि काठी आलेली असते आणि दुसरा रिकामा. टॉवरखाली जाऊन समोरच्या हिरोवर हात उगारला की टॉवर आपल्यावर उलटतो, हेही मला असंच अंगावर घेऊन शिकायला मिळालं.

हा खेळ कुणा कंपनीच्या बैठकीत जन्मला नाही, हे वाचून बरं वाटलं. वॉरक्राफ्ट 3 या आधीच्या गेममध्ये नकाशे बनवायची सोय होती, तिच्यावर हौशी मंडळींनी डोटा उभा केला. एकाने सुरू करायचा, दुसऱ्याने वाढवायचा, असं करत तो आईसफ्रॉग हे टोपणनाव घेतलेल्या माणसाकडे आला. पुढे व्हॉल्व या गेम कंपनीने त्याला बोलावून घेतलं आणि 2013 साली डोटा 2 रीतसर बाहेर आला. त्यातले शंभराहून जास्त हिरो सगळ्यांना फुकट मिळतात. पैसे मोजावे लागतात ते कपडे-दागिन्यांना, ताकदीला नाही. तुझ्या आत्याने परवा विचारलं, 'सई ते रमीसारखं पैसे लावून खेळते का?' मी तिला समजावलं की 2025 च्या केंद्राच्या कायद्यानेच पैसे लावायचे खेळ एका बाजूला आणि ई-स्पोर्ट्स दुसऱ्या बाजूला ठेवलेत. 2022 मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल ई-स्पोर्ट्स स्पर्धेत भारताच्या डोटा 2 संघाने कांस्यपदक आणलं, तेही सांगितलं. ती गप्प बसली नाही, पण ऐकून घेतलं.

आता मुद्द्याचं. तू सपोर्ट, म्हणजे बाकीच्यांना सांभाळणारा, खेळतेस, तेही पाच नंबरचा. संघात सगळ्यात कमी सोनं ज्याच्या वाट्याला येतं तो. तुझी ती क्रिस्टल मेडन, चालीला मंद, दोन फटक्यांत आडवी होणारी. रीप्लेमध्ये एक सोय आहे, दोन्ही बाजूंचं सगळं एकदम बघता येतं. तुझी एक मॅच मी तशी बघितली. आठव्या-नवव्या मिनिटाला तू लेन सोडलीस. तुझ्या कॅरीला, म्हणजे सोनं जमवून पुढे मॅच ओढणाऱ्याला, क्रीप्स एकट्याला मिळावेत म्हणून आधी झाडांत मागे सरकलीस, मग कडेकडेने नदीपर्यंत गेलीस, वरच्या उंचवट्यावर आजूबाजूचा अंधार उघडणारा टेहळणीचा वॉर्ड लावलास आणि परत फिरलीस. एवढ्यात तुझे दोन लास्ट हिट बुडाले असतील. वॉर्ड सहा मिनिटं टिकतो. त्या सहा मिनिटांत डायरचे दोघे मिडच्या बाजूने निघून तुमच्या खालच्या लेनकडे जाताना त्या वॉर्डखालून गेले. तू नकाशावर पिंग, म्हणजे इशाऱ्याची खूण, दिलंस, कॅरी चार पावलं मागे टॉवरखाली आला. ते दोघे झाडांत थोडे घुटमळले आणि परत गेले. काहीच घडलं नाही. तुझा कॅरी मेला नाही, त्याचं सोनं गेलं नाही, पुढच्या पाच मिनिटांत त्याची मोठी वस्तू तयार झाली आणि तिथून मॅच तुमच्याकडे झुकली. शेवटच्या तक्त्यात त्याच्या नावापुढे 14 किल आणि तुझ्यापुढे 2 किल, 9 डेथ. त्या वॉर्डचा, त्या पिंगचा कुठे उल्लेख नाही.

सई, मी ते पाहिलं. एवढंच तुला कळावं म्हणून खरं तर हे पत्र आहे.

मी कॉलेजात असताना कबड्डी खेळलो ती कव्हरला. चढाईपटूचं नाव पेपरात यायचं, कोपरारक्षकाने घोटा धरला की टाळ्या त्याला. कव्हरने नेमक्या क्षणी आत येऊन मधली वाट बंद केली नाही तर ती पकड सुटते, हे फक्त मैदानातल्या सात जणांना ठाऊक असतं. त्यामुळे कुणी न सांगता तू ही जागा निवडलीस याचा मला किती आनंद झाला ते तुझ्या आईला विचार.

आणि ही दुय्यम जागा आहे असं कधी मनात आणू नकोस. डोटाच्या ओजी या व्यावसायिक संघाचा नोटेल पाच नंबरलाच खेळायचा आणि संघाचा कर्णधारही तोच. 2018 मध्ये 'द इंटरनॅशनल' या डोटाच्या जागतिक स्पर्धेच्या तोंडावर त्याचे दोन खेळाडू संघ सोडून गेले. जो प्रशिक्षक होता तो खेळायला उतरला, एक नवखा मुलगा मिडला घेतला, आणि खुल्या पात्रता फेरीपासून झगडत हे व्हँकुव्हरला पोचले. अंतिम सामन्यात पीएसजी.एलजीडी या संघाला 3-2 ने हरवलं. पुढच्या वर्षी शांघायला पुन्हा तेच जिंकले. ही स्पर्धा दोनदा जिंकणारा तो पहिला संघ. त्या 2018 च्या सामन्यांचे तुकडे मी बघितले. मोडलेल्या संघाला एकत्र धरून ठेवणारा माणूस सोनं गोळा करणारा नव्हता, वॉर्ड लावणारा होता.

पण एक गोष्ट मला सलते. सुट्टीतल्या त्या रात्रीची मॅच. तू माइकवर म्हणालीस, 'तिघं दिसत नाहीयेत, मागे या.' तुझा आवाज ऐकला आणि तुमच्याच संघातला एक जण सुरू झाला. मुलगी आहे म्हणून सुरू झाला. काय काय बोलला ते मी इथे लिहिणार नाही. तू काही न बोलता माइक बंद केलास आणि उरलेली मॅच नुसते पिंग देत खेळलीस. पिंगकडे कुणी पाहिलं नाही, मिडवाला एकटा पुढे जाऊन मेला, आणि चॅटमध्ये लिहून आलं की सपोर्टमुळे हरलो. तू मला म्हणालीस, 'बाबा, हे रोजचंच आहे.' मला तेव्हा सुचलं नाही ते आता सांगतो. रोजचं असेल, पण म्हणून ते तू सोसायचं नाहीस. जो घाण बोलतो त्याला म्यूट कर, लगेच रिपोर्ट कर. अशा तक्रारींनी त्याचा वर्तणुकीचा स्कोअर घसरतो आणि फार घसरला की त्याचाच आवाज बंद होतो, असं त्या खेळात आहे. बंद व्हायचा तर त्याचा माइक होऊ दे. तुझा नको. अंधारात कोण कुठे आहे हे संघात सगळ्यात आधी तुला दिसतं. तूच गप्प बसलीस तर बाकीचे चौघे आंधळे होतात.

अनोळखी लोकांबरोबर एकटीने रांगेत उभं राहण्यापेक्षा ओळखीच्यांचा गट, म्हणजे खेळातली पार्टी, कर. होस्टेलमधल्या ज्या दोघी खेळतात म्हणालीस, त्यांना धर. त्यातली एक नवीन आहे म्हणून कंटाळू नकोस. तुलाही तुझ्या मावसभावाने महिनाभर सांभाळून घेतलं होतं. पाच जणी झाल्या तर उत्तमच. कॉलेजच्या स्पर्धेत नाव द्या. प्रवेश फी मी भरतो.

जेवणाचंही सांगून टाकतो. आई हाक मारते आणि तू 'झालंच' म्हणतेस, यावरून घरात जो वाद व्हायचा त्याचा मी निकाल लावलाय. एक मॅच 40 मिनिटं चालू शकते आणि मधे पाच मिनिटांहून जास्त बाहेर राहिलं की सोडून गेल्याचा ठपका बसतो, चौघांचा खेळ बिघडतो तो वेगळाच. हे आईला मी पटवून दिलंय. मॅच सुरू झाल्यावर ती हाक मारणार नाही. तूही मॅच शोधायचं बटण दाबण्याआधी घड्याळ बघायचंस. घरी असताना रात्री साडेआठनंतर जेवण होईपर्यंत नवी मॅच नाही, आणि तिथे होस्टेलवर अकरानंतर नाही. हरल्यावर 'एक शेवटची' म्हणून लावलेली मॅच बहुतेक वेळा चिडून खेळली जाते आणि तीही जाते, हे तुझ्याच इतिहासात मला दिसलं. तारखा-वेळा सगळ्या तिथे आहेत. हरलीस की उठ, पाणी पी, खाली एक चक्कर मार.

अभ्यासाचं मी लिहीत नाही. तो तू करतेस हे मला माहीत आहे.

मला एक विचारायचंय. समोरच्यांचे वॉर्ड काढायला सेंट्री, म्हणजे लपलेले वॉर्ड दाखवणारा वॉर्ड, कुठे टाकायची, हे तू कसं ठरवतेस? मी अंदाजाने टाकतो आणि फुकट जातात. रीप्लेमध्ये तू दोनदा थेट त्यांच्या वॉर्डशेजारीच टाकलीस, तेव्हा तुला काय दिसलं होतं? समोरचा हिरो वेळेआधीच मागे सरकला, त्यावरून ओळखलंस की त्या जागा ठरलेल्याच असतात? सविस्तर लिही, नाहीतर व्हॉइस नोट पाठव.

मी माझा फ्रेंड आयडी आईच्या मोबाइलवरून तुला पाठवलाय, तो स्वीकार. मित्राची चालू मॅच थोड्या उशिराने का होईना बघता येते. तुम्ही तिघी रविवारी खेळणार असाल तर आधी वेळ कळव, म्हणजे मी बाजाराचं काम सकाळीच उरकून बसेन. तिथल्या चॅटमध्ये मी काही लिहिणार नाही, निर्धास्त राहा.

आईने शंकरपाळे आणि मेतकूट पाठवलंय, डबा परत आण.

तुझा,
बाबा