मित्रास पत्र : स्प्रिंगची उंची मोजल्याशिवाय हेड बसवू नकोस

नागपूर,
दि. १४ जून

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र काल मिळाले. तात्यांच्या अ‍ॅम्बॅसेडरचे हेड (इंजिनचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) सीट, म्हणजे व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो त्या कडा, कापून परत आले, व्हॉल्व्ह लॅप करून (सीटवर घासून जुळवून) झाले आणि येत्या रविवारी तू स्प्रिंगा चढवून हेड बसवणार आहेस, हे वाचून आनंद झाला. तरीही माझी कळकळीची विनंती आहे की रविवारी हेड बसवू नकोस. त्याआधी आठही व्हॉल्व्हच्या स्प्रिंगची उंची मोज. एवढ्या सविस्तर पत्रात या मापाचा उल्लेख कोठेच नाही, आणि गेल्या वर्षी मीही नेमके तेच राहू दिले होते.

उंची म्हणजे मोकळ्या स्प्रिंगची लांबी नव्हे. व्हॉल्व्ह सीटवर घट्ट बंद असताना, हेडवर स्प्रिंग जिथे टेकते त्या पृष्ठभागापासून रिटेनरच्या, म्हणजे स्प्रिंगच्या डोक्यावरील वाटीच्या, खालच्या बाजूपर्यंतचे अंतर म्हणजे ही उंची. सीट कापली की व्हॉल्व्ह हेडमध्ये खोल जातो, त्याची दांडी दुसऱ्या बाजूने तेवढीच वर येते, तिच्याबरोबर रिटेनरही वर सरकतो आणि स्प्रिंगला जास्त जागा मिळून ती सैल बसते. सीट ४५ अंशांची असल्यामुळे खोली कापलेल्या धातूपेक्षा अधिक वाढते: सीटच्या उतारावरून अर्धा मिलिमीटर धातू निघाला तर व्हॉल्व्ह सुमारे ०.७ मिलिमीटर खोल जातो, आणि व्हॉल्व्हच्या तोंडावरून ०.२ मिलिमीटर घासला गेला तर आणखी जवळजवळ ०.३. म्हणजे अगदी नीट केलेल्या कामातही एक मिलिमीटर सहज जातो. समज, स्प्रिंगचा बंद अवस्थेतला दाब २५ किलो असावा लागतो आणि दर मिलिमीटरला तो ३ किलोने बदलतो. मग तुझी नवीकोरी स्प्रिंग २२ किलोच दाब देईल, आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो तेव्हाही तिथे तेवढेच ३ किलो कमी पडतील.

गेल्या वर्षी मे महिन्यात माझ्या गाडीचे असेच झाले. स्प्रिंगा नव्या होत्या, सीट नव्याने कापल्या होत्या, आणि तरी वर्धा रोडवर ट्रकला मागे टाकताना तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन एका ठरावीक वेगाच्या पुढे ओढेनासे व्हायचे व वरून खडखडाट ऐकू यायचा. मी स्प्रिंगांना दोष दिला आणि दुसरा संच आणला. खडखड तशीच राहिली. कॅमच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या उंचवट्याच्या, मागोमाग व्हॉल्व्ह परतवण्याइतका जोर स्प्रिंगमध्ये उरला नव्हता, व्हॉल्व्ह तरंगत होता आणि सीटवर आदळून उसळत होता. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटला टेकूनच बाहेर पडते, त्यामुळे टेकणे कच्चे राहिले की कडा जळते. शेवटी हेड उघडले तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सर्वांत खोल गेलेले आढळले, आणि त्यातील एकाची कडा जळलेली होती. या इंजिनात त्या दोघांचे एक्झॉस्ट पोर्ट मधोमध एकच असते, तेव्हा उष्णता तिथेच साचते. तुझे मापही त्या दोघांपासूनच सुरू कर. या हेडच्या सीट ओतीव लोखंडातच कापलेल्या असतात, आणि २००० सालापासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आल्यावर शिशाच्या थराचे पूर्वीचे संरक्षण गेले, म्हणून जुन्या हेडमध्ये एक्झॉस्ट सीट आधीच खचलेल्या असण्याची शक्यता धर.

मोजण्याची रीत सोपी आहे, पण घाईची नाही. स्प्रिंग टेकण्याची जागा काळ्या थरापासून पूर्ण स्वच्छ कर. प्रत्येक व्हॉल्व्ह, त्याचा रिटेनर आणि त्याचे लॉक (रिटेनर दांडीला अडकवणारे तुकडे) यांना एकच क्रमांक दे आणि अदलाबदल होऊ देऊ नकोस, कारण लॉक बदलले की मापही बदलते. स्प्रिंग न घालता व्हॉल्व्ह, रिटेनर आणि लॉक बसव, रिटेनर हाताने जोरात वर ओढून लॉक पक्के बसू दे, मग अंतर मोज. टेलिस्कोपिक गेज नसेल तर मी केले ते कर: वेल्डिंग रॉडवरचा थर झाडून त्याचा तुकडा कानशीने घासून गाडीच्या दुरुस्तीच्या पुस्तकातील उंचीइतका नेमका कर, तो रिटेनरखाली उभा धर आणि उरलेल्या फटीत फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, घाल. जेवढी फट, तेवढ्या जाडीची शिम, म्हणजे कडक पोलादी चकती. दुहेरी स्प्रिंग असेल तर बाहेरची स्प्रिंग टेकते त्या पायरीवरच माप घे, आतल्या पायरीवर नव्हे. आठही आकडे कागदावर लिही. दोन सारखे निघाले म्हणून बाकीचे गृहीत धरू नकोस.

शिमा १५, ३० आणि ६० थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मिळतात, म्हणजे सुमारे ०.३८, ०.७६ आणि १.५२ मिलिमीटरच्या. त्या स्प्रिंगखाली, हेडच्या बाजूला बसतात. एका अंगाला दाते असतील तर ते अंग हेडकडे ठेव. हार्डवेअरच्या दुकानातील साधे वॉशर कदापि वापरू नकोस, कारण मऊ लोखंड स्प्रिंगखाली झिजते आणि त्याचा चुरा तेलात जातो. फट ६० थाऊपेक्षा जास्त निघाली तर शिमांवर शिमा रचण्यात अर्थ नाही. तिथे सीट खोदून कडक रिंग बसवून घेणेच योग्य, आणि त्या खर्चाला तात्या नाही म्हणणार नाहीत अशी माझी खात्री आहे.

उलट्या बाजूची चूकही तितकीच वाईट आहे. जोर वाढावा म्हणून पुस्तकापेक्षा कमी उंची ठेवलीस, तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडताना स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना भिडू शकतात आणि पुशरॉड, म्हणजे कॅमचा धक्का वर पोचवणारी दांडी, वाकतो. बसवलेल्या उंचीतून व्हॉल्व्ह पूर्ण उघडताना जेवढा सरकतो ते अंतर वजा कर. उरलेले माप पूर्ण दाबलेल्या स्प्रिंगच्या लांबीपेक्षा किमान दीड मिलिमीटर जास्त असले पाहिजे. रिटेनरची खालची बाजू आणि गाईडचे (दांडी सरकते त्या नळीचे) टोक यांच्यातही तेवढीच मोकळीक पाहा. जुनी, बसकी स्प्रिंग मात्र शिम घालून जगवू नकोस. ड्रिल मशीनखाली वजनकाटा ठेवून ती ठरलेल्या उंचीपर्यंत दाब, काट्यावरचा आकडा पुस्तकाशी ताडून पाहा, कमी भरला तर ती टाकून दे.

दांडी वर आल्यामुळे टॅपेटचे अंतर, म्हणजे दांडीचे टोक आणि तिला दाबणारा रॉकर यांच्यातील फट, हेही बदलले असेल. हेड आणि रॉकर कसून झाल्यावर ते पुस्तकाप्रमाणे पुन्हा लाव.

कामठी रोडवर ऑटोमोटिव्ह चौकाजवळच्या दुकानातून मी तुझ्यासाठी तिन्ही जाडीच्या शिमा आणून ठेवतो. आठही आकडे मला फोनवर सांग, मग कोणत्या व्हॉल्व्हला कोणती शिम ते आपण दोघे मिळून ठरवू, आणि शनिवारी सकाळच्या गाडीने मीच त्या घेऊन वर्ध्याला येतो.

तात्यांना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक