मॅच कशी झाली ते तरी सांगा

मा. संपादक साहेब, नमस्कार,

तुमचं क्रीडा पान मी सकाळी सगळ्यात आधी उघडतो म्हणून लिहितोय, नाहीतर कोण डोकं लावतंय. तुमच्याकडे हल्ली कोणी आऊट होत नाही, सगळे तंबूत परततात, हरणारा धूळ चाटतो आणि जिंकणारा कशावर तरी नाव कोरतो. चालवून घेतलं असतं हो, पण या ढोलताशात मॅच कशी झाली तेच राहून जातं.

नोव्हेंबर 2024 ची वानखेडेवरची टेस्ट घ्या. 147 करायचे होते, आपण 121 वर ऑलआऊट, न्यूझीलंडनं मालिका 3-0 नेली. तुमच्या बातमीत पहिले दोन पॅरा नुसते लाजिरवाणा पराभव, नांगी टाकली, चाहत्यांचा हिरमोड. अरे पण पंत 64 वर खेळत होता तोवर आशा होती ना, मग थर्ड अंपायरनं त्याला आऊट दिलं त्यात बॅट बॉलला लागली की पॅडला यावर केवढा वाद झाला, ते अर्ध्या ओळीत उरकलं. न्यूझीलंडच्या एजाझ पटेलनं त्या डावात सहा विकेट काढल्या, हा गडी मुंबईतच जन्मलेला आणि 2021 ला याच ग्राउंडवर आपल्या दहाच्या दहा विकेट घेऊन गेलेला, त्याचं तर फक्त नाव.

नेमबाज स्वप्नील कुसाळेचंही तेच. पॅरिस ऑलिम्पिकला ब्राँझ मिळालं तेव्हा त्याच्या गावातला, कांबळवाडीतला जल्लोष, पेढे, बक्षिसाचे आकडे सगळं छापलंत, छापायलाच हवं होतं. पण फायनलमध्ये तो गुडघ्यावर बसून मारायच्या फेरीनंतर सहावा होता, झोपून मारल्यावर पाचवा आणि उभं राहून मारताना वर सरकत तिसरा आला, खरी मजा यात होती की नाही? ते मी मोबाईलवर शोधून वाचलं.

गावाकडच्या कबड्डीच्या बातम्यांचं तर बोलायलाच नको. यांच्या हस्ते उद्घाटन, त्यांच्या हस्ते बक्षीस, प्रमुख उपस्थिती, आभार कोणी मानले इथपर्यंत सगळं असतं आणि फायनलचा स्कोअर शेवटच्या ओळीत, कधी कधी तोही नसतो. निदान शेवटच्या पाच मिनिटांत लोण कोणी चढवला म्हणजे समोरचा अख्खा संघ कोणी बाद केला, सुपर टॅकल कोणाचा झाला म्हणजे तीन किंवा कमी गडी उरले असताना चढाईवाल्याला कोणी धरलं, एवढं लिहायला त्या वार्ताहराला सांगा, हवं तर आभार मानणाऱ्याचं नाव कापा.

आपला,
एक जुना वाचक, सातारा