रिगिंगची (विमानाच्या पंखांमधल्या तारा ओवण्याची) वही लिहून देणाऱ्या सरांना

सर, सप्रेम नमस्कार.

सॉपविथ कॅमल या पहिल्या महायुद्धातल्या दुपंखी ब्रिटिश विमानाच्या 1/48 स्केलच्या (मूळ आकाराच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढ्या) मॉडेलसाठी तुम्ही जी टिपणं काढून दिलीत, त्याबद्दल जाहीर आभार. किटसोबतच्या कागदावर तारा कुठून कुठे जातात एवढंच असतं. कधी ओवायच्या आणि का, ते तुमच्या वहीत सापडलं.

सगळ्यात मोलाची सूचना भोकांची. वरचा पंख बसवण्याआधीच 0.3 मिमीच्या ड्रिलने भोकं पाडायची, जेमतेम 1 मिमी खोल, आणि तार ज्या दिशेला जाणार त्या दिशेला ड्रिल तिरकं धरायचं. सरळ भोक पाडलं की तार तोंडाशीच मोडल्यासारखी वाकते, मग कितीही ताणा, सरळ दिसत नाही. रंग आणि डीकल (चिकटवायची चिन्हं) हेही पंख सुटे असतानाच उरकायचे, कारण दोन पंखांच्या मध्ये नंतर ब्रश शिरत नाही.

कॅमलचा वरचा पंख सपाट, खालचा मात्र टोकांकडे वर उचललेला. हे सांभाळायला आलेख कागदावर समोरचं रेखाटन काढून फोमबोर्डचा साचा करा, असं तुम्ही लिहिलंत. मधल्या स्ट्रटना (वरचा पंख पेलणाऱ्या खांबांना) सुपरग्लू न लावता सावकाश सुकणारं प्लॅस्टिक सिमेंट लावायचं, म्हणजे अर्धा-एक मिलिमीटर सरकवायला वेळ मिळतो. मग पूर्ण दिवस हात लावायचा नाही. (हेच सगळ्यात अवघड, हे तुम्हालाही ठाऊक आहे.)

तारांचं बारकाव्याचं काम तर तुमचंच. कॅमलसारख्या ब्रिटिश विमानांच्या पंखांमधल्या तारा गोल नव्हत्या, चपट्या पोलादी पट्ट्या होत्या. म्हणून तिथे चपटा लवचीक धागा, आणि गोल धागा कंट्रोल केबलला, म्हणजे विमानाचे हलते भाग ओढणाऱ्या तारांना. जर्मन विमानांसारखे टर्नबकल (तार ताणायचे स्क्रू) पंखांच्या तारांवर चिकटवले तर चूकच. 10 सेंटीमीटर अंतराला 9 सेंटीमीटर धागा कापायचा. एक तार डावीकडे, लगेच तीच उजवीकडे, आतून बाहेर. एकच बाजू आधी संपवली तर वरचा पंख त्या बाजूला ओढला जातो. सुपरग्लू सुईच्या टोकावर मावेल एवढाच. जास्त झाला की त्याच्या वाफेने चकचकीत रंगावर पांढरी साय धरते.

इंजिनातून उडणाऱ्या एरंडेल तेलाच्या डागांवर तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात, त्या पुरल्या: डाग पोटाखाली, फिकट तपकिरी, हवेच्या झोताबरोबर मागे ओढलेले.

आता माणसं. या स्केलला उभा माणूस साधारण 36 मिमी, चेहरा 5 मिमीचा. डोळ्यांत पांढरा रंग भरला की माणूस घाबरलेला दिसतो. गडद तपकिरी रेघ पुरे. वैमानिकाला फ्युजलाजचे (विमानाच्या धडाचे) दोन भाग जोडण्याआधी कोरडं, गोंद न लावता बसवून बघायचं आणि मांड्या खालून तासायच्या, नाहीतर तो सीटवर उंच बसतो आणि त्याचं डोकं वरच्या पंखाला भिडतं.

पुढचा पंखा (प्रोपेलर) फिरवणाऱ्या मेकॅनिकबद्दल तुम्ही हटकलंत ते बरं झालं. कॅमलचं क्लर्जे रोटरी इंजिन वैमानिकाच्या जागेवरून घड्याळाच्या दिशेने फिरतं, म्हणजे समोर उभ्या मेकॅनिकला उलटं. पातं त्याच्या डाव्या हाताला खाली येतं. त्याला उजवीकडून पातं ओढायला लावलं तर तो इंजिन उलटं चालू करतोय! शिवाय रोटरीत सिलिंडर पंख्याबरोबरच फिरतात, त्यामुळे दोन्ही एकमेकांना चिकटवून मगच पात्याचा कोन ठरवायचा. हात त्यानंतर वाकवायचा.

त्याच्या पायात 0.5 मिमीची तार घालून बेसमध्ये रोवली आहे. चाकांपुढचे ठोकळे तुम्ही सांगितल्याप्रमाणे दोरीसकट लावलेत. दोरीचं टोक दुसऱ्या मेकॅनिकच्या हातात आहे, थोडं सैल.

आपले,
तुमच्या वहीवरून कॅमल जोडणारे