कोर्लई किल्ला वाचवा, पण सिमेंट नको

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शनिवार-रविवारी अलिबागहून काशीद-मुरुडला गाड्यांची नुसती रांग असते, पण साळावचा पूल ओलांडल्यावर उजव्या हाताला समुद्रात घुसलेल्या डोंगरावर कोर्लईचा किल्ला आहे हे फार कमी लोकांना माहीत असतं. निजामशाहीने बांधायला घेतलेला, १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी लढून घेतला आणि वसईच्या मोहिमेनंतर मराठ्यांकडे आला.

लाईटहाऊसकडून वर चढलं की एका बाजूला कुंडलिकेची खाडी, पलीकडे रेवदंडा, दुसऱ्या बाजूला उघडा अरबी समुद्र आणि मध्ये ही चिंचोळी डोंगरधार, पावसाळ्यात तर तटावरही गवत असतं. वर छप्पर उडालेलं चर्च आहे आणि जवळच महादेवाचं देऊळ, दोन्ही एकाच गडावर. खाली कोर्लई गावातल्या ख्रिस्ती घरांत अजून पोर्तुगीजमधून आलेली बोली बोलतात, असं गाव महाराष्ट्रात दुसरं कुठे आहे सांगा.

आता मूळ मुद्दा. तटात वड-पिंपळ उगवलेत. एका ठिकाणी मूळ दोन चिऱ्यांच्या मधून असं शिरलंय की फटीत माझा अख्खा हात गेला, आणि वरचा दगड बाहेर झुकलाय, तो एखाद्या पावसाळ्यात खाली येणारच. तोफेच्या तोंडात वेफर्सची पाकिटं कोंबलेली बघून तर खरंच संताप आला.

उद्या रेवस-रेड्डी सागरी महामार्ग झाला की गर्दी वाढणार, आणि मग कोणीतरी घाईघाईने रेलिंग, पेव्हर ब्लॉक, सेल्फी पॉइंट आणून ठेवील याचीच जास्त भीती वाटते. जुनं काम चुन्यातलं आहे, त्यावर सिमेंट थापलं तर आतली ओल आणि खार बाहेर पडत नाही आणि दगडच झडायला लागतो. झाडं नुसती वरून छाटूनही उपयोग नाही, पुढच्या पावसात दुप्पट फुटतात, मूळ मारून सांधा चुन्यानेच भरावा लागतो आणि ते काम जाणकाराच्या देखरेखीखालीच व्हायला हवं.

संबंधित खात्याने पाऊस थांबल्यावर दिवाळीच्या आसपास हे काम हातात घ्यावं, गावातल्या पोरांना त्यात रोजगार द्यावा, आणि पायथ्याशी कचऱ्याचे डबे ठेवून ते रोज उचलायची सोय करावी. वर मात्र काहीही नवीन बांधू नये, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, अलिबाग