कार्बन मोजता, तसे बिलाचे दिवसही मोजा

महोदय,

रबाळे एमआयडीसीत आमचा टर्निंगचा छोटा कारखाना आहे. पाच लेथ, अकरा कामगार, डोक्यावर पत्रा. गेल्या महिन्यात आमच्या एका मोठ्या गिऱ्हाईक कंपनीकडून एक्सेल आली. वर्षाला वीज किती, जनरेटरला डिझेल किती, कार्बन कमी करण्याचं तुमचं उद्दिष्ट काय? दीर म्हणाले, "वहिनी, लिहा, पगार दहा तारखेच्या आत करणे."

शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून शाश्वततेचा, म्हणजे पर्यावरण आणि समाजाबाबतच्या कामगिरीचा, अहवाल सक्तीचा केला आहे. त्यांच्या मालामागचा बराचसा धूर पुरवठादारांकडेच निघतो, तेव्हा आम्हाला विचारणं रास्तच आहे. उलट बिलं चाळायला बसले म्हणून मला कळलं की आमचा जुना कॉम्प्रेसर सर्वात जास्त वीज खातो. त्याच्या हवेच्या पाइपाचे जोड गळत होते, म्हणून तो सारखा चालू. ग्रिडच्या एका युनिटमागे ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरतात. दिरांनी एका रविवारी सगळे जोड बदलले, खर्च किरकोळ. कॉम्प्रेसर बदलणं मात्र किरकोळ नाही.

त्यासाठीचे पैसे एक्सेल पाठवणाऱ्या याच कंपनीकडे अडकलेत. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे करारात काहीही लिहिलं तरी आमचं बिल ४५ दिवसांत चुकतं व्हायला हवं. आम्हाला १२० दिवस लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज मागता येतं म्हणे. मागून बघावं, पुढची ऑर्डर शेजारच्या गाळ्यात जाते!

एप्रिल २०२३ मध्ये खारघरला उष्माघाताने माणसं गेली, तेव्हापासून उन्हाळ्यात आम्ही पाळी सकाळी सातला लावतो. पत्र्याला पांढरा रंगही दिला, उधारीवर. त्या एक्सेलमध्ये याला रकाना नाही.

गंमत म्हणजे सेबीच्या याच अहवालाच्या मुख्य निकषांत देणी किती दिवसांत चुकवली, हाही आकडा द्यावा लागतो. पण तो सरासरीचा. मोठ्या पुरवठादारांच्या बिलांत आमचे १२० दिवस विरघळून जातात. लघुउद्योगांचा आकडा सेबीने वेगळा छापायला लावावा, एवढीच मागणी आहे.

एक्सेल १५ तारखेपर्यंत हवी होती. आम्ही १२ लाच पाठवली.

– एक लघुउद्योजिका, रबाळे, नवी मुंबई