रूथ, तुझ्या त्या एका वर्षाबद्दल

ह्यूस्टन,
मार्चअखेर

प्रिय रूथ,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

नाइट करून साडेआठला घरी आले. पप्पा कामावर, सॅमी शाळेत. गुरुवारी मी तुझा फोन मधेच ठेवला, तेव्हापासून जेवण गोड लागत नाहीये. तुझ्याशी बोलायला लागले की माझा आवाज चढतो, म्हणून लिहायला बसले. इंग्रजीत लिहिलं तर ते पेशंटच्या नोट्ससारखं होतं, म्हणून मराठीत. तुला वाचायला वेळ लागेल, पण सावकाश वाच.

मेडिकलला जाण्याआधी तू मधे घेणार म्हणतेस, त्या एका वर्षाबद्दल मी या पत्रात काही बोलणार नाहीये. ते ठरवूनच बसलेय.

परवा सोफा सरकवून झाडताना तुझ्या केमिस्ट्रीच्या मॉडेल किटमधला काळा गोळा सापडला. कार्बन. चार भोकांचा. दोन वर्षांपूर्वीच्या नाताळात तू डायनिंग टेबलावर ते गोळे नि काड्या मांडून बसली होतीस आणि मी मागून, करंज्या लाटायच्यात, टेबल रिकामं कर म्हणून ओरडत होते. तेव्हा तू मला दाखवलंस की दोन रेणूंत सगळं तेच असतं, तरी एक दुसऱ्यावर बसत नाही, डाव्या-उजव्या हातासारखं. त्यासाठी तू माझे हॉस्पिटलचे हातमोजे आणलेस, पण ते कोणत्याही हातात जातात. मग पप्पांचे लोकरीचे आणलेस. उजवा मोजा माझ्या डाव्या हातात घालायला लावलास आणि अंगठा कुठे जातो बघ म्हणालीस. मी वीस वर्षांहून जास्त नर्सिंग केलंय, रूथ, पण मला ते तोवर कुणी असं समजावलं नव्हतं. त्या विषयात तुला पुढे सी मिळाला. मला तो सी आठवत नाही, तो अंगठा आठवतो. हे तेव्हाच सांगायला हवं होतं. मी तेव्हा काय म्हणाले ते तुला आठवत असेलच.

आता एमकॅटबद्दल, तुझ्या मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेबद्दल. एप्रिलची तारीख तू रद्द केलीस, ते तुझ्या दृष्टीने बरोबर असेल. साडेसात तासांचा दिवस, तयारी नसताना बसण्यात अर्थ नाही. सरावाच्या परीक्षेत ५०६ आणि तुला हवेत ५१२. ५२८ पैकी ५०६ म्हटल्यावर मी आत्याला किती अभिमानाने सांगितलं होतं! मग तू समजावलंस की मोजणी ४७२ पासून सुरू होते. तरी मला ५०६ कमी वाटत नाहीत. आणि त्या उताऱ्यांच्या भागात, जिथे सायन्स अजिबात नसतं, तिथेच तुझे मार्क सगळ्यात चांगले आहेत. तुझ्या बेलर युनिव्हर्सिटीत सगळ्यांना पवित्र शास्त्राचा नि मंडळीच्या इतिहासाचा वर्ग घ्यावाच लागतो, तेव्हा तू कुरकुरली होतीस. ईयोबाच्या एका अध्यायावर पंधरा दिवस निबंध लिहीत होतीस. तुझे आजोबा असते तर तो निबंध त्यांनी रविवारी देवळात वाचून दाखवला असता, आणि पाळकांना उपदेशाला वेळ उरला नसता.

आत्याला अजून वाटतं की तू मेडिकललाच आहेस. "बेलर म्हणजे ते ह्यूस्टनचंच ना?" दर फोनला मी सांगते की ते मेडिकल कॉलेज १९६९ मध्येच युनिव्हर्सिटीपासून वेगळं झालं, रूथ वेकोला आहे, आधी चार वर्षांची डिग्री, मग अर्ज, मग मेडिकल. ती म्हणते, "एवढं लांबण लावून डॉक्टर कधी होणार पोर?" मी हसते. मग रात्री तेच मला छळतं.

बघ, आलेच मी तिथे.

तू सांगितलंस ते मी नीट ऐकलं होतं. यंदा मे महिन्यात अर्ज भरला तर डिग्री झाल्या झाल्या थेट मेडिकल. पुढच्या मेमध्ये भरला तर मधे एक वर्ष. त्या वर्षात तू इमर्जन्सीत स्क्राइब म्हणून डॉक्टरांच्या मागे उभी राहून नोंदी लिहिणार आणि शनिवारी हॉस्पिसमध्ये, शेवटच्या दिवसांतल्या पेशंटांकडे, जाणार. हल्ली प्रवेश मिळालेल्यांतले निम्म्याहून जास्त असं वर्ष घेऊन आलेले असतात, हेही सांगितलंस. टेक्ससच्या सरकारी कॉलेजांत नव्वद टक्के जागा इथल्याच मुलांना असतात, त्या कुठे पळून जात नाहीत, हेही. सगळं खरं आहे. मी हॉस्पिटलमध्ये रेसिडेंट डॉक्टर मुलींना विचारलंसुद्धा. तिघींपैकी दोघींनी असं वर्ष घेतलं होतं.

पण मला "एक वर्ष" हे शब्द ऐकवत नाहीत. १९९३ ला बारावीला माझे मार्क एमबीबीएसला थोडक्यात कमी पडले. माझे दादा, म्हणजे तुझे आजोबा, म्हणाले, एक वर्ष थांब, परत बस. जूनमध्ये पुस्तकं आणली. ऑगस्टमध्ये दादांना अर्धांगवायूचा झटका आला. आई शाळेत जायची, तिचा पगार सुटून चालणार नव्हता, मग मी घरी. दर दोन तासांनी दादांची कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, चादरीला एक सुरकुती राहू द्यायची नाही. पुस्तकं त्यांच्याच खाटेखाली होती. मी वाकले की दिसायची. मार्चमध्ये मी परीक्षेला बसलेच नाही. पुढच्या वर्षी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलच्या नर्सिंगचा फॉर्म भरला. तिथे पहिल्या दिवशी सिस्टर ट्यूटरनी बेड करायला सांगितला आणि माझी चादर बघून विचारलं, "हे कुठे शिकलीस?" मला रडू आलं. त्यांना वाटलं घरची आठवण येतेय.

मला नर्स झाल्याचं दुःख नाही. हे तुला पटत नाही, मला माहीत आहे, पण नाही. मला भीती आहे ती मधल्या वर्षाची. त्यात काहीही शिरू शकतं. आमचं आजारपण, पैसा, एखादा मुलगा, कंटाळा. पप्पांची शुगर परत वाढलीय. ती वाढली म्हणून तू घरी येऊन बसायचं नाहीस, हे आत्ताच लिहून ठेवते. एकदा पुस्तकं खाटेखाली गेली की...

हे लेक्चर झालं. माफ कर. लिहिलेलं खोडत नाही, कारण मनात आहे ते आहे.

तुझ्या आजोबांना गुरुबाई करमरकरांची गोष्ट फार आवडायची. आनंदीबाई जोशी ज्या पेनसिल्व्हेनियाच्या कॉलेजातून १८८६ ला डॉक्टर झाल्या, तिथूनच १८९२ ला त्या झाल्या, आणि परत येऊन मुंबईत मिशनच्या कामात बायकापोरांना औषधपाणी करत राहिल्या. दादा झटका आल्यावर फार बोलू शकत नव्हते. "गुरुबाई" एवढं म्हणायचे आणि माझ्याकडे बघायचे. ते ओझं मी तुझ्या पाठीवर ठेवलं असेल तर उतरवून ठेव. तू गुरुवारी ओरडलीस, "मम्मी, हे माझं पाचारण आहे की तुझं?" फोन मी त्या वाक्यावर ठेवला. चॅपलमध्ये ऐकलेला शब्द घेऊन आईला मारतेस, असं वाटलं. आता वाटतं, प्रश्न रास्त आहे. मला उत्तर येत नाही. तू लहानपणी बाहुल्यांना इंजेक्शन द्यायचीस, पण ते माझं बघून.

हॉस्पिसमधल्या त्या आजोबांचं तू सांगायला लागली होतीस, ज्यांना तू ओठ ओले करायला स्पंज देतेस. ते राहिलंच. स्पंज पाण्यात बुडवल्यावर घट्ट पिळून घे. जास्त पाणी राहिलं तर ठसका लागतो. डोकं किंचित एका बाजूला वळव. आणि आधी सांग, मी ओठांना लावतेय म्हणून, डोळे मिटलेले असले तरी. ऐकू येत असतं.

काळा गोळा पाकिटात घालतेय. लोणच्याची बाटली सॅमी ईस्टरला तुझ्याकडे येताना आणेल.

पुढच्या वर्षी एमकॅट कोणत्या तारखेला आणि अर्ज मेच्या कितव्या आठवड्यात, हे एका कागदावर तुझ्या अक्षरात लिहून पाठव. फ्रिजवर लावते. तारीख डोळ्यांसमोर असली की मी गप्प बसेन. निदान प्रयत्न करीन.

रविवारी उपासना सुटल्यावर फोन कर. मी ठेवणार नाही.

तुझी,
मम्मी